बर्फातले बूट

वेंडेल अंकल आणि मार्लीन आंटी अमेरिकेहून नाशिकला आले तेव्हा त्यांच्या सामानात पाणी गाळायच्या दोन बाटल्या, चौदा प्रकारच्या गोळ्या, एक गिटार आणि आपल्याला सगळं कळतं हा विश्वास, एवढं होतं. बाटल्या महिन्याभरात बिघडल्या, गोळ्या संपत आल्या, गिटारीची एक तार तुटली. विश्वासाला मात्र इथल्या हवापाण्यानं काहीएक झालं नाही, असं तेजल म्हणायची.

म्हणायची ती घरातच, नवऱ्याजवळ. ललित लगेच दाराकडे बघायचा, जणू वेंडेल अंकल बाहेर चपला काढत उभे आहेत. तेजल म्हणायची, घाबरू नकोस, ते चपला काढतच नाहीत.

हे खरं होतं आणि तेच तिला सगळ्यात जास्त खुपत होतं. जेल रोडला बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर तेजल-ललितची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासनेला जमायची. पस्तीस-चाळीस माणसं. सतरंज्या, दोन पंखे, समोर पांढरा कपडा घातलेलं टेबल आणि भिंतीवर लाकडी क्रूस. पाळक, म्हणजे पगारी पाद्री, ठेवायची ऐपत नव्हती म्हणून निवृत्त मुख्याध्यापक जयराम सरच बावीस वर्षं उपदेश करत होते. त्यांनी पहिल्या दिवसापासून घालून दिलेला एकच नियम होता, की देवासमोर पायात काही नको. जिन्याच्या पाचव्या पायरीपासून चपला-बुटांची रांग लागायची. लग्नात नवरामुलगाही मोजे काढून आत आला होता. पण पाहुणे आले त्या रविवारी वेंडेल अंकलचे दुखरे गुडघे बघून सर म्हणाले, असू द्या, त्यांना काही सांगू नका. म्हणून कोणी सांगितलं नाही. आणि त्या दोघांनी सात महिन्यांत कधी विचारलंही नाही, की आपण दर रविवारी ज्या तीस-चाळीस चपलांना ओलांडून वर जातो, त्या कुणाच्या.

ते जाड तळव्यांचे बूट घालून सतरंजीवरून चालत जायचे आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या दोन खुर्च्यांवर बसायचे. त्याच सतरंजीवर तेजलची साडेतीन वर्षांची अलिशा लोळायची. तेजल उपासनाभर त्यांच्या बुटांकडे बघत बसायची.

बोलावलं त्यांना सरांनीच. म्हणजे तिकडच्या एका मंडळीचं पत्र आलं होतं, की आमचं एक अनुभवी जोडपं दीड वर्ष तुमच्यात राहून सेवा करायला तयार आहे. अनुभव कसला, हे कोणी विचारलं नाही. पुढं कळलं, की वेंडेल अंकलनी सदतीस वर्षं शेतीचे पाइप विकले आणि मार्लीन आंटी एका दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायच्या. दोन्ही कामं चांगलीच. तेजलचं पाइपांशी काही वैर नव्हतं. पण पाइप विकणारा माणूस विमानातून उतरल्याबरोबर विद्वान कसा होतो, हे तिला समजत नव्हतं. त्यांनी जयराम सरांना, ज्यांच्या हाताखालून दोन पिढ्या शिकून गेल्या त्या सरांना, उपदेशात तीन मुद्दे असावेत असं समजावलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. निफाडला मंडळीतल्या सोमनाथकाकांच्या द्राक्षबागेत नेलं तर तिथं त्यांनी काकांना ठिबक सिंचन म्हणजे काय ते सांगितलं. काका ठिबकच्याच नळीवर पाय ठेवून उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि पाहुण्यांना द्राक्षांचा घड कापून दिला.

मार्लीन आंटींनी बायकांना हात धुवायला शिकवलं. त्याचं एक गाणंसुद्धा होतं, बोटं, नखं, मनगट असं. तेजल मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर, लग्नाआधी सातपूरच्या एका लॅबमध्ये दोन वर्षं जंतू मोजलेली. तीही इतर बायकांबरोबर रांगेत उभी राहून ते गाणं म्हणाली. एकदा नव्हे, दोनदा, कारण पहिल्या वेळी आंटींच्या फोनमध्ये व्हिडिओ नीट आला नव्हता. या गोष्टीबद्दल तिनं आंटींना केव्हाच माफ केलं असतं. स्वतःला करता येत नव्हतं.

आणि या सगळ्यात दुभाषा ललित. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, अंबडच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांशी तोच बोलायचा. बोलता बोलता त्यानं एक कसब मिळवलं होतं. इकडून कितीही तिखट निघालं तरी तिकडे पोचेपर्यंत त्याचा मुरंबा व्हायचा. एकदा एक म्हातारा वैतागून म्हणाला होता, यांना सांगा गिटार थांबवा, डोकं दुखतंय. ललितनं सांगितलं, ते म्हणतात तुमचं संगीत थेट डोक्यात जातं. अंकल खूश झाले आणि आणखी एक गाणं झालं.

*

तेजल सावध बाई होती. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची. अलिशाच्या बालवाडीच्या व्हॅनवाल्याचं नाव, गाव, लायसन्स नंबर तिच्या फोनमध्ये होता. जो माणूस आपल्या मुलीला उचलून घेतो त्याची माहिती आपल्याला असली पाहिजे, असा तिचा साधा हिशेब होता आणि वेंडेल अंकल अलिशाला उचलून घ्यायचे. म्हणून मार्चमधल्या एका दुपारी, अलिशा झोपलेली असताना, तिनं त्या दोघांची नावं फोनवर शोधली.

त्यांचं एक पान निघालं. तिकडच्या लोकांना दर दहा दिवसांनी लिहिलेली पत्रं, फोटोंसकट. हात धुवायचा व्हिडिओ होता. गोदाकाठच्या गाईचा फोटो होता. जयराम सर होते, 'आमचे विद्यार्थी' या शब्दांखाली. एकोणिसाव्या पत्रात अलिशा होती.

जिन्यातला फोटो. अलिशा भागीबाईच्या मांडीवर बसली होती, दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे, धुळीनं काळे झालेले, कारण ती बूट काढून तीनदा खालीवर पळाली होती. उन्हाळा म्हणून अंगात जुना सुती फ्रॉक. खालच्या पायरीवर तिच्या गुलाबी बुटाचा पट्टा तेवढा दिसत होता, बाकीचा बूट फोटोच्या कडेला कापला गेला होता. खाली लिहिलं होतं, ही लहानगी आणि तिची आई डोंगरातून आमच्याकडे येतात. या पायांना बूट कसे असतात ते ठाऊक नाही, तरी ती हसते. आनंदाला काही लागत नाही हे तिनं आम्हाला शिकवलं. त्याखाली एक्कावन्न माणसांनी रडू आल्याचं कळवलं होतं.

तेजलनं 'तिची आई' हे शब्द पुन्हा पुन्हा वाचले. भागीबाई ही पेठकडच्या डोंगरातली. द्राक्षाच्या हंगामात मखमलाबादच्या मळ्यात मजुरीला यायची, मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि रविवारी दोन रिक्षा बदलून उपासनेला यायची. वयानं तेजलपेक्षा लहानच असेल, पण उन्हानं कोणाला ते कळू दिलं नव्हतं. स्वतःची दोन मुलं तिनं गावी सासूजवळ ठेवली होती. म्हणून की काय, आल्या आल्या ती अलिशाला मांडीवर घ्यायची आणि शेवटच्या प्रार्थनेपर्यंत सोडायची नाही. तेजलला ते सोयीचं होतं. फक्त घरी गेल्यावर ती अलिशाला आधी बाथरूममध्ये नेऊन साबणानं धुवून काढायची. यात वाईट काय, मळ्यात औषधं मारतात, असं ती ललितला न विचारता सांगायची.

संध्याकाळी ललित आला तेव्हा तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, त्यांचा हेतू वाईट नाहीये गं. तेजलनं विचारलं, फोटोत हेतू दिसतो का, दिसतात ते उघडे पाय. ललितनं सांगितलं, की एवढ्यात काही बोलायला नको. गिरणीचा मालक जागा रिकामी करून मागतोय. वेंडेल अंकल तिकडच्या मंडळीला पत्र लिहिणार आहेत, की या लोकांना स्वतःची जागा घेऊन द्या. पत्र अजून गेलेलं नाही.

"म्हणजे माझी पोरगी जागेच्या बदल्यात उघड्या पायांनी बसून राहणार," तेजल म्हणाली.

"तू ना, कुठलंही कुठं नेतेस."

"मी नाही नेलं. अमेरिकेत त्यांनी नेलं."

*

शनिवारी ती ललितला घेऊन कॉलेज रोडला त्यांच्या फ्लॅटवर गेली. आंटींनी केळ्याचा केक केला होता. तेजलनं स्वतःच्या इंग्रजीत, शब्द जुळवून आणलेल्या इंग्रजीत, सगळं सांगितलं. आंटींना पहिल्यांदा आनंदच झाला, की तुम्ही आमची पत्रं वाचता. मग त्यांनी तेजलचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, पण ती अनवाणी होती ना, सोन्या. तेजलनं सांगितलं, सगळेच अनवाणी असतात, देवासमोर जाताना आम्ही पायातलं बाहेर काढतो, जिन्यात एवढ्या चपला असतात त्या आमच्याच. आंटींचे डोळे मोठे झाले. त्यांना वाटायचं, त्या खालच्या दुकानाच्या असतील. वेंडेल अंकलना म्हणे वाटायचं, विकायला ठेवल्यात. दोघं एकमेकांकडे बघून मनापासून हसले. किती सुंदर प्रथा आहे, आंटी म्हणाल्या आणि तेवढ्यासाठी त्यांनी वही आणून ते लिहून घेतलं.

गिरणी बंद, दुकान नाही, पाटी नाही. सात महिने ही माणसं रोज डोळे उघडे ठेवून झोपली होती, असं तेजलच्या मनात आलं. ती म्हणाली, मग तो फोटो काढून टाका.

इथं आंटी जराशा गंभीर झाल्या. तो फोटो बघून तिकडच्या संडे स्कूलच्या मुलांनी बूट गोळा केले होते. सत्तेचाळीस जोड. एका पाहुण्या गटाबरोबर ते मुंबईपर्यंत आलेसुद्धा होते, आठवड्याभरात नाशिकला पोचणार होते. त्या मुलांना एकच गोष्ट बघायची होती, 'ती' मुलगी बूट घातलेली. आता तिला बूट आहेत असं सांगितलं तर त्या कोवळ्या मनांना काय वाटेल. तेव्हा रविवारी अलिशाला पहिला जोड घालू दे, एक फोटो होऊ दे, मग जुना काढून टाकू. दोन मिनिटांचं काम.

ललित म्हणाला, बघू.  तेजलनं केक बशीतच ठेवला आणि घरी येताना स्कूटरवर त्याच्या पाठीमागं बसून आपण गप्प का बसलो याची कारणं शोधत राहिली. एकही धड सापडलं नाही.

बुधवारी जयराम सर घरी आले. तेजलला आठवीत त्यांनीच गणित शिकवलं होतं, त्यामुळे ते आले की ती अजूनही उभीच राहायची. सरांनी चहा घेतला, अलिशाच्या गालाला हात लावला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, की मोठ्या कामात लहान गोष्टी सोडाव्या लागतात. मालकानं मेअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. चाळीस माणसं पुढं कुठं बसणार, कोणाच्या पार्किंगमध्ये?

तेजलनं विचारलं, की बूट वाटतानाचे फोटो बाहेर गेले आणि उद्या कोणी म्हणालं, हे बघा, वस्तू देऊन माणसं गोळा करतात, तर काय करायचं. आपण तीन पिढ्यांचे इथले. ललितच्या कारखान्यात, आमच्या सोसायटीत, सगळ्यांना तोंड आम्हीच देणार. अंकल-आंटी दीड वर्षानं घरी.

सरांनी कपबशी खाली ठेवली. हे त्यांच्याही मनात येऊन गेलं असणार. पण ते म्हणाले, आपण दार लावून घेऊ.

"सर," तेजल म्हणाली, "तुम्ही शाळेत इन्स्पेक्टरला सुद्धा बूट काढायला लावले होते, प्रार्थनेच्या हॉलमध्ये. आम्ही दहावीपर्यंत ती गोष्ट सांगायचो एकमेकांना."

सर उठले. जिन्यापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "तेव्हा माझ्याकडे शाळा होती, बेटा."

*

खोकी आली ती मोठी, पुठ्ठ्याची, टेपनं गुंडाळलेली. एप्रिलमधला रविवार, सकाळी साडेनऊला पंखे गरम हवा फिरवत होते. वेंडेल अंकलनी खोकी क्रूसाखाली ठेवून घेतली आणि चाकूनं टेप कापली. वरचा जोड त्यांनी हातात घेऊन उंच धरला.

बर्फातले बूट होते. घोट्याच्या वर येणारे, जाड रबरी तळाचे, आतून लोकर भरलेले. दुसरा जोडही तसाच, तिसराही. त्या मुलांनी आपापल्या घरातले, गेल्या हिवाळ्यातले, पायाला लहान झालेले बूट मोठ्या प्रेमानं दिले होते. काही मोठ्या माणसांचेही होते. एका बुटाच्या आतून हातमोजा निघाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं लोकरीत बोट घालून बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, यात अंडी उबतील. ललितनं ते भाषांतर करायच्या आत तेजलनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो तोंड मिटून बसला.

आंटींचा बेत तयार होता. मुलांना ओळीनं बसवायचं, बूट इथंच घालायचे, क्रूस मागं दिसला पाहिजे. सरांनी ऐकलं. ते चष्मा काढून पुसायला लागले आणि पुसतच राहिले. खोलीतली माणसं आपल्या उघड्या पायांकडे बघत होती. बावीस वर्षांत त्या सतरंजीवर कोणी चपलेचं पाऊल टाकलं नव्हतं, पाहुण्यांचं सोडलं तर.

"देव पाय बघत नाही," सर शेवटी म्हणाले. "मन बघतो. घाला." आणि मग, कोणाकडेही न बघता, "अलिशा, ये बाळा पुढं."

अलिशा नेहमीप्रमाणे भागीबाईच्या मांडीवर होती, तेजलच्या शेजारीच. ती उठायला लागली, कारण बूट लाल होते. तेजलनं तिचा दंड धरला आणि स्वतः उभी राहिली.  इंग्रजी जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरलं. ती मराठीतच बोलली.

"ललित, मी बोलते ते जसंच्या तसं सांग. त्यात साखर घालू नकोस." मग ती आंटींकडे वळली. "ही माझी मुलगी आहे. तिच्याकडे चार जोड आहेत, एक आत्ता जिन्यात आहे, तुम्ही ओलांडून आलात. ती डोंगरातली नाही. तुम्हाला अनवाणी माणूसच पाहिजे ना, फोटोला? मग ही बसलीय भागीबाई. हिचे पाय बघा. हिला घाला."

ललितनं सांगितलं. पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं, हिचे पाय बघा हेसुद्धा.

आणि सगळ्यांनी बघितले. पुढच्या रांगेतल्यांनी मान वळवून बघितले. टाचांच्या भेगा, औषधाच्या फवाऱ्यानं निळसर झालेली नखं, अंगठ्याला बांधलेली चिंधी. भागीबाईनं पाय हळूच पातळाखाली ओढून घेतले, पण पातळ तेवढं लांब नव्हतं.

आंटींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खोक्यात वाकल्या, एक मोठा काळा जोड काढला, नवऱ्याच्या हातात फोन दिला आणि येऊन भागीबाईसमोर गुडघ्यांवर बसल्या. कुणाचे तरी पाय हातात घ्यायची ही संधी त्या सात महिने शोधत असाव्यात. त्यांनी भागीबाईचा पाय धरला. अंकलनी फोन वर केला आणि बटण दाबलं.

भागीबाईनं पाय सोडवून घेतला. "आत नाय घालत," ती म्हणाली. मग मान वर करून तेजलकडे बघितलं. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"ताई, तुझ्या पोरीचा फोटू नको. आन् मपल्या पायाचा चालंल व्हय?"

ललितनं याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती, जिला सांगायचं होतं तिला मराठी येत होतं.

 आतापर्यंत तेजलला वाटत होतं, की या खोलीत आपण एकट्याच डोळे उघडे ठेवून बसलो आहोत. साडेतीन महिने ही बाई तिच्या मुलीला मांडीवर घेऊन बसत होती आणि साडेतीन महिने तेजलनं घरी जाऊन मुलगी धुवून काढली होती. तिला अलिशा गरीब दिसल्याचा राग आला नव्हता. भागीबाईची दिसल्याचा आला होता.

ती दोन पावलं पुढं गेली आणि वेंडेल अंकलच्या फोनवर, भिंगावर, तळहात ठेवला.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "हिचाही नाही. जो काढलात तो पुसा. आणि त्या पानावरचाही."

अंकल हसले, मग त्यांनी सरांकडे बघितलं. सर खाली बघत होते. अंकल म्हणाले, की हा खूप नाजूक, सुंदर क्षण आहे आणि लोकांना तो कळला पाहिजे. तेजलनं हात काढला नाही. फोन तापलेला होता, तिचा हात घामेजला होता, आणि तो अवघड प्रकार एवढा वेळ चालला की कोणीतरी पंखा वाढवला. शेवटी अंकलनी अंगठ्यानं एक फोटो पुसला. पानावरचा पुसायला आंटींचा चष्मा लागला, मग पासवर्ड लागला, आंटींना तो आठवेना. पर्समधल्या डायरीत सापडला. तेजल तोपर्यंत तिथंच उभी होती. एकोणिसाव्या पत्रातली चौकट रिकामी झाली, तेव्हा ती जाऊन जागेवर बसली.

सरांनी गीताचा क्रमांक सांगितला. त्यांचा आवाज नीट लागला नाही. अंकल खुर्चीवर बसले ते हाताची घडी घालून, आणि गिटार पिशवीतच राहिली. जागेचं पत्र आता जाणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. गाता गाता दोघातिघांनी तेजलकडे वळून बघितलं. त्या नजरांत कौतुक नव्हतं. मेअखेरचा हिशेब होता.

*

उपासना संपल्यावर खोकी जिन्यात आणून ठेवली. सरांनी कोणाला तरी सांगितलं, हवे त्यांनी न्या, नाहीतर आश्रमशाळेत देऊन टाकू. माणसं आपापल्या चपला शोधून, खोक्यांना वळसा घालून उतरत होती. आंटी वरच खुर्चीत बसून होत्या आणि एक बाई त्यांना पाणी देत होती. तेजलला तेवढ्यातही वाटलं, त्या यावरही पत्र लिहितील, की आमची कसोटी पाहिली गेली.

ती पायरीवर बसून अलिशाला बूट घालत होती, तेव्हा भागीबाई खोक्याशी आली. वाकून एकेक बूट वर-खाली करायला लागली. शेवटी घेतेच आहे, असं तेजलच्या मनात आलंच. सवय अशी एका सकाळीत जात नाही. भागीबाईनं तोच मोठा काळा जोड निवडला, तळ दाबून बघितला, लोकरीत मनगटापर्यंत हात घातला आणि बोटांनी वीत धरून लांबी मोजली. तिच्या पायाला तो दीडपट मोठा होता.

"मोठा होईल तुला," तेजल म्हणाली.

"मला नाय. काळूला." काळू तिचा नवरा. "पिंपळगावला कोल्ड स्टोरात हाय ना तो. दिसभर द्राक्षाच्या पेट्या लावतो आत. लय गारठा. गोणपाट गुंडाळतो पायाला, तरी बोटं पांढरी पडत्यात." तिनं बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. "वर काढला तवाच बघितला मी. म्हनलं भाईर आला का घिऊ."

खोलीत चाळीस माणसं होती, दोन सेवक होते, एक पदवीधर होती. त्या बुटांचा उपयोग एकटीला कळला होता आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

"भागीबाई," तेजल म्हणाली. पुढचं वाक्य तिच्याकडे होतं. गीत चालू होतं तेव्हापासून ती ते मनात घोळवत होती, चांगलं वाक्य होतं, माफी शब्द त्यात होता. पण जिन्यातून माणसं उतरत होती, कोणीतरी मधून वाट मागितली, आणि ती भलतंच बोलली. "पुढच्या रविवारी येशील ना?"

"हंगाम सरला ताई. परवा जाते मी गावाला." एका हातात बूट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन भागीबाईनं खाली ठेवलेल्या आपल्या रबरी चपलांत पाय सरकवले. चपला होत्या तिला. पट्टा तारेनं बांधलेला, पण होत्या.

अलिशानं नेहमीसारखे दोन्ही हात वर केले, घे म्हणून.

भागीबाईनं तिच्याकडे बघितलं. मग तेजलकडे बघितलं नाही.

"हात मोकळं नाय बाळा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.